कर्नल विल्यम लँबटन : हिंदुस्थानचें माप घेणारा पुरुष

साकोलीहून राष्ट्रीय महामार्गानें भंडाऱ्याकडे किंवा देवरीकडे जाणाऱ्या प्रवाशास मधून मधून लोखंडी जाळीचे उंच मनोरे दिसतात. लोक त्यांना टॉवर म्हणतात. त्यांपैकीं कित्येकांच्या अंगावर ढोलासारख्या गोल पांढऱ्या तबकड्या बसविलेल्या असतात. एका मनोऱ्याची तबकडी दूरच्या दुसऱ्या मनोऱ्याच्या तबकडीकडे तोंड करून असते, आणि त्या दोघींमधून अदृश्य अशा सूक्ष्मलहरी संदेश घेऊन धांवतात. ह्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात. वाटेंत डोंगराचा खांदा किंवा साग-ऐनाची दाट राई आडवी आली, तर त्या अडतात. म्हणून मनोरा कोठें उभारावा आणि तो किती उंच असावा, हें आधीं नकाशावर ठरवावें लागतें. आज हें काम अभियंते संगणकावरील नकाशाच्या सॉफ्टवेअरनें करतात.

परंतु एका उंच जागेवरून दुसरी उंच जागा दिसेल कीं नाहीं, मधली भूमि किती उंच आहे, पृथ्वीच्या गोलाईमुळें दूरची वस्तु किती खालीं जाईल, हे प्रश्न दोनशें वर्षांपूर्वीं ह्याच देशांत एका मनुष्यानें डोंगराडोंगरांवर उभें राहून सोडविले. त्याची कबर आपल्यापासून फार दूर नाहीं. ती वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट येथें आहे. त्या कर्नल विल्यम लँबटन साहेबांचें चरित्र येथें विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

लँबटनसाहेबांचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत, नॉर्थअ‍ॅलर्टन गांवाजवळ, अठराव्या शतकाच्या मध्यास एका सामान्य कुटुंबांत झाला. घरीं संपत्ति नव्हती आणि कोणा मोठ्या माणसाचा आश्रयही नव्हता. जवळच्या शाळेंत गणिताची गोडी लागली, एवढेंच काय तें त्यांचें भांडवल. इ. स. १७८१ मध्यें ते सैन्यांत शिरले व पुढें पलटणीबरोबर उत्तर अमेरिकेस गेले. तेथें न्यू ब्रन्झविक प्रांतांत सैनिकांच्या बराकींवर देखरेख करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. अशा आडबाजूच्या नोकरींत सुमारें तेरा वर्षें गेलीं. दुसरा एखादा मनुष्य पत्ते कुटण्यांत आणि कुरकुर करण्यांत तो काळ घालविता. लँबटनसाहेबांनीं तो गणित आणि ज्योतिष ह्यांच्या अभ्यासांत घालविला. सूर्यग्रहण पाहतांना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टि गेली, असें सांगतात. पुढें ज्या मनुष्यानें दुर्बिणीला डोळा लावून सारा दक्षिण देश मोजला, त्याला ह्या कामासाठीं एकच डोळा होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

इ. स. १७९७ च्या सुमारास ते आपल्या पलटणींत हिंदुस्थानांत दाखल झाले. त्या वेळीं ते चाळिशी ओलांडलेले आणि हुद्द्यानें अगदींच लहान होते. इ. स. १७९९ मध्यें म्हैसूरच्या टिपू सुलतानावर इंग्रजांनीं शेवटची स्वारी केली, तींत ते जनरल बेअर्ड ह्यांच्या हाताखालीं होते. एके रात्रीं ती तुकडी अंधारांतून चालली असतां लँबटनसाहेबांनीं आकाशाकडे पाहिलें. ताऱ्यांच्या स्थितीवरून त्यांनीं ओळखलें कीं, फौज दक्षिणेऐवजीं उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चालली आहे. त्यांनीं तसें सेनापतीस कळविलें. सेनापतीस प्रथम तें खरें वाटेना. परंतु होकायंत्र काढून पाहतां तारेच खरे ठरले आणि तुकडी बचावली.

श्रीरंगपट्टण पडल्यावर लँबटनसाहेबांनीं सरकारपुढें एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सर्व भूमि त्रिकोणांच्या साखळीनें मोजावी, आणि त्याच मापांतून पृथ्वीचा खरा आकारही शोधून काढावा, अशी ती योजना होती. कर्नल वेलस्ली आणि मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड क्लाईव्ह ह्यांनीं तिला पाठिंबा दिला. तथापि खर्चाचा आंकडा पाहून नाकें मुरडणारे लोकही होते. श्रीरंगपट्टणास जावयाचें असेल तर पालखीच्या भोयांस सांगितलें म्हणजे पुरे, त्यासाठीं एवढी मोजणी कशाला, अशी शंका एका अधिकाऱ्यानें काढल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. भोयांना वाट ठाऊक होती, हें खरें. पण अंतर कोणासच ठाऊक नव्हतें. लँबटनसाहेबांचे त्रिकोण मद्रासपासून मंगळूरपर्यंत पोहोंचले, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या दोन शहरांमधील रुंदी जुन्या नकाशांत सुमारें ४०० मैल धरली होती, ती प्रत्यक्षांत ३६० मैलच होती. चाळीस मैलांची भूमि केवळ कागदावर होती!

आतां ही मोजणी कशी करतात, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणितानें काढतां येतात, हें आपण भूमितींत शिकतों. म्हणून प्रथम सपाट जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काळजीनें मोजावयाची. हिला पायारेषा म्हणूं. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरचें एखादें शिखर पाहून कोन मोजावयाचे. त्यावरून त्या शिखराचें अंतर निघतें, आणि तीच नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण काढावयाचा. अशी एकांत एक गुंफलेली साखळी डोंगरावरून डोंगरावर चालत जाते. मधल्या दऱ्या, नद्या आणि रानें साखळीनें मोजण्याची गरज राहत नाहीं. गरज असते ती एकाच गोष्टीची : एका ठिकाणाहून दुसरें ठिकाण स्वच्छ दिसलें पाहिजे.

पहिली पायारेषा मद्रासजवळ सेंट टॉमस टेकडीच्या परिसरांत मोजण्यास दि. १० एप्रिल १८०२ रोजीं आरंभ झाला. तिची लांबी सुमारें साडेसात मैल होती, पण ती मोजण्यास ऐन उन्हाळ्यांत कित्येक आठवडे लागले. साखळी पोलादाची आणि शंभर फूट लांब होती. चीनच्या बादशहास नजराणा म्हणून ती इंग्लंडहून पाठविण्यांत आली होती; बादशहानें ती नाकारल्यामुळें ती हिंदुस्थानांत येऊन पडली होती. उन्हानें पोलाद वाढतें आणि थंडीनें आकसतें. म्हणून साखळी लांकडी पेट्यांत सांवलींत ठेवून, जवळ उष्णतामापक ठेवून, प्रत्येक वेळीं त्या वाढीचा हिशोब करीत. पुढें इ. स. १८०४ मध्यें बंगळूरजवळ दुसरी पायारेषा मोजली. मद्रासपासून त्रिकोणांच्या गणितानें आलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी ह्यांत कांहीं इंचांचाच फरक निघाला. आपलें उत्तर दुसऱ्या वाटेनें पुन्हां तपासून पाहण्याची ही संवय त्यांनीं शेवटपर्यंत सोडली नाहीं.

कोन मोजण्याचें यंत्र, ज्यास थिओडोलाइट म्हणतात, तें लंडनच्या विल्यम केरी नांवाच्या कारागिरानें बनविलें होतें. त्याचें वजन सुमारें अर्धा टन होतें आणि त्याचें वर्तुळ तीन फूट व्यासाचें होतें. त्या वेळीं इंग्रज आणि फ्रेंच ह्यांचें वैर चालू होतें. हें यंत्र घेऊन येणारें गलबत फ्रेंचांनीं समुद्रांत पकडून मॉरिशस बेटास नेलें. परंतु हें शस्त्र नसून विद्येचें साधन आहे, हें कळतांच तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांनीं तें मद्रासला रवाना केलें. शत्रूंनींही विद्येचा मान राखावा, ही गोष्ट केवढी थोर आहे!

ह्याच यंत्रावर इ. स. १८०८ मध्यें मोठें संकट ओढवलें. तंजावरच्या सपाट मुलखांत टेकड्या नव्हत्या, म्हणून तें एका उंच मंदिराच्या शिखरावर चढविण्याचें ठरलें. वर ओढतांना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें आणि त्याचें वर्तुळ वांकडें झालें. ज्याच्यावर सहा वर्षांची सारी मोजणी अवलंबून होती, तें साधन निकामीं झालेलें पाहून कोणाचाही धीर खचला असता. लँबटनसाहेबांनीं दुसऱ्या यंत्राची मागणी इंग्लंडला केली; पण तें येईपर्यंत हातावर हात ठेवून ते बसले नाहींत. तंबूंत मुख्य कारागिरांशिवाय कोणासही येऊं न देतां त्यांनीं यंत्राचा भाग न् भाग सुटा केला. एका मोठ्या फळीवर मूळच्या मापाचें वर्तुळ कोरून घेतलें, आणि पाचरी, मळसूत्रें व कप्प्या ह्यांच्या साहाय्यानें वांकलेली कडा हळूहळू ओढून त्या वर्तुळास जुळविली. सुमारें सहा आठवड्यांनीं यंत्र पुन्हां कामास लागलें.

हें सर्व काम एकट्या लँबटनसाहेबांनीं केलें, असें मात्र कोणी समजूं नये. निशाणें घेऊन डोंगरांच्या माथ्यावर दिवसचे दिवस बसणारे, झाडें तोडून वाट मोकळी करणारे, तें अवजड यंत्र खांद्यावरून नेणारे शेंकडों देशी लोक ह्या कामांत होते. कित्येक जण तापानें आजारी पडले, कांहीं मेले. बहुतेकांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत. मद्रासला अनाथ मुलांसाठीं एक मोजणीशाळा निघाली होती. तिच्यांतून तयार झालेले जोशुआ द पेनिंग पुढें लँबटनसाहेबांचे भरंवशाचे साहाय्यक झाले. दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कंपनी सरकारनें ह्या कामास पैसा दिला, तो केवळ विद्येच्या प्रेमानें नव्हे. नकाशा हातीं असला म्हणजे सारा वसूल करणें आणि फौज हलविणें सोपें जातें, हा हिशोब त्यांत होता. त्यामुळें डोंगरावर दुर्बीण दिसतांच गांवकऱ्यांना संशय येई, आणि तो सर्वस्वीं निराधार नव्हता. परंतु खरें माप एकदां कागदावर उतरलें, म्हणजे तें घेणाऱ्याच्या हेतूपाशीं थांबत नाहीं. राज्य गेलें, माप राहिलें.

दक्षिणेस कन्याकुमारीजवळून निघालेली त्रिकोणांची मुख्य माळ वर्षामागून वर्षें उत्तरेकडे सरकत होती. तिच्यावरून लँबटनसाहेब पृथ्वीच्या गोलाईचें माप काढीत होते. ह्या कामामुळें इ. स. १८१७ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. इ. स. १८१८ च्या आरंभीं हें खातें मद्रासकडून वरिष्ठ सरकारकडे गेलें आणि त्यास महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असें नांव मिळालें. त्याच वर्षीं जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी त्यांचे मुख्य साहाय्यक नेमले गेले. लँबटनसाहेबांच्या हयातींत ह्या त्रिकोणांनीं सुमारें १,६५,००० चौरस मैल भूमि व्यापली.

पुढें काम वऱ्हाडांत पोहोंचलें. मोजणीचें ठाणें हैदराबादेहून नागपूरकडे हलवावें, असें ठरलें. त्या काळीं आपला भंडारा प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. लँबटनसाहेबांचें वय सत्तरीकडे झुकलें होतें आणि शरीर खोकल्यानें पोखरलें होतें. तरी ते निघाले. नागपूर सुमारें पन्नास मैलांवर राहिलें असतां, दि. २० जानेवारी १८२३ रोजीं, हिंगणघाट येथें त्यांचें देहावसान झालें. वीस वर्षें ज्या भूमीचें माप घेतलें, तिच्याच उदरांत त्यांना विसावा मिळाला. हिमालय त्यांनीं पाहिला नाहीं. ती माळ एव्हरेस्टसाहेबांनीं इ. स. १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशीं नेऊन पोहोंचविली; तिची लांबी सुमारें १,५०० मैल भरली. त्या काळीं अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन ह्यांनीं बिघडलेलीं यंत्रें दुरुस्त करून दिलीं, आणि बंगालचे राधानाथ शिकदार ह्यांनीं ज्या गणितांत हात घातला, त्यांतूनच जगांतील सर्वांत उंच शिखराची उंची निश्चित झाली. त्या शिखरास एव्हरेस्टचें नांव मिळालें. लँबटनच्या नांवाचें शिखर कोणी सांगत नाहीं.

आतां आरंभींच्या मनोऱ्यांकडे वळूं. पृथ्वी गोल असल्यामुळें एक मैल अंतरावर जमीन दृष्टिरेषेखालीं सुमारें आठ इंच जाते. अंतराचा वर्ग करून त्यास आठानें गुणलें, म्हणजे किती इंच जाते तें निघतें. दहा मैलांवर ८०० इंच, म्हणजे सुमारें ६७ फूट. तीस मैलांवर ६०० फूट. शिवाय हवा प्रकाशकिरणास किंचित् वांकविते, त्यामुळें दूरचें शिखर आहे त्याहून थोडें उंच दिसतें. लँबटनसाहेब दोन्ही टोकांवरून परस्परांचे कोन मोजून ह्या वांकण्याचाही हिशोब ठेवीत.

आजचें सॉफ्टवेअर हेंच गणित करतें. चाळीस किलोमीटर अंतरावर दोन मनोरे उभारावयाचे आहेत, असें समजा. नकाशावर दोन ठिपके दिले कीं, मधल्या भूमीचा उभा छेद पडद्यावर उमटतो. पृथ्वीची गोलाई मध्यभागीं सुमारें ३१ मीटर भरते. हवेमुळें रेडिओलहरी खालीं वांकतात, म्हणून ती सुमारें २४ मीटरच धरतात. लहरींचा झोत दोऱ्यासारखा बारीक नसून मध्यें फुगलेल्या चातीसारखा असतो. दर सेकंदास सहा अब्ज आंदोलनें करणाऱ्या लहरींसाठीं मध्यभागीं रेषेखालीं आणखी सुमारें १४ मीटर मोकळी हवा लागते. त्यांत झाडांचे २० मीटर मिळविले, तर बेरीज ५८ मीटर झाली. जमीन सपाट असेल तर दोन्ही मनोऱ्यांच्या तबकड्या निदान तेवढ्या उंच पाहिजेत. वाटेंत टेंकडी असेल तर एखादा जवळचा माथा शोधून तेथें तिसरा मनोरा उभारावा. लँबटनसाहेबही शिखर निवडतांना हाच विचार करीत.

भूमीची उंचीही आतां आयती मिळते. इ. स. २००० च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या एका अंतराळयानानें अकरा दिवसांत रडारच्या साहाय्यानें पृथ्वीवरील सुमारें ८० टक्के भूमीची उंची टिपली. दुसरा मार्ग कांचेच्या तंतूंचा, म्हणजे फायबरचा. इ. स. २०११ मध्यें केंद्र सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतु नेण्याची योजना मंजूर केली, इ. स. २०१५ पासून ती भारतनेट ह्या नांवानें ओळखली जाते. तंतूस डोंगर आडवा येत नाहीं, पण त्याला जमिनींत चर लागतो. चुलबंदीसारखी नदी कोठें ओलांडावी, तलावाची पाळ कशी टाळावी, राखीव जंगलांतून वाट मिळेल कीं रस्त्याच्या कडेनें वळसा घ्यावा, हें सर्व नकाशावरच ठरतें. जेथें चर खणणें कठीण, तेथें मनोरा. जेथें संदेशांची गर्दी मोठी, तेथें तंतु. असा मेळ घालावा लागतो.

परंतु यंत्र जलद झालें म्हणून मनुष्याची जबाबदारी कमी होत नाहीं. लँबटन आणि एव्हरेस्ट ह्यांच्या मापांवरून पृथ्वीचा जो आकार ठरला, त्यावर आपल्या देशाचे जुने नकाशे आधारलेले आहेत. उपग्रहाच्या साहाय्यानें स्थान सांगणारीं आजचीं यंत्रें दुसरा आकार धरतात. दोन्हींचे आंकडे न तपासतां एकत्र केले, तर ह्या भागांत एखादें स्थान शंभराहून अधिक मीटर सरकतें. तेवढ्यानें मनोऱ्याची जागा टेंकडीच्या माथ्यावरून उतारावर येऊं शकते, आणि पलीकडचें गांव डोंगराच्या सांवलींत राहतें. रानांतील झाडें दहा वर्षांत किती वाढलीं, हेंही जुन्या आंकड्यांना ठाऊक नसतें. त्यासाठीं जाग्यावर जाऊनच पाहावें लागतें. कागदावरची चूक कागदावर राहत नाहीं. रात्रीं आजारी मुलासाठीं दवाखान्याची गाडी बोलवूं पाहणाऱ्या आईस ती भोगावी लागते. जुन्या नकाशांत चाळीस मैल खोटे होते, तेव्हां त्यांची झळ कोणाला लागली, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. आज ती कोणाला लागते, हें आपणांस डोळ्यांपुढें पाहतां येतें.

विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या तासाला उत्तर आलें म्हणजे वही मिटूं नका. दुसऱ्या रीतीनें तें पडताळून पाहा. तीच तुमची बंगळूरची पायारेषा. साधन मोडलें म्हणून काम टाकूं नका. आणि आपल्या कामाचा शेवट आपल्या डोळ्यांनीं दिसेलच, असा हट्टही धरूं नका. पालकांसही एक नम्र विनंति आहे. मुलानें किती गुण मिळविले हें विचारतांना, त्यानें तें उत्तर खरेंच तपासलें होतें काय, हेंही विचारीत जावें. उद्यां ह्याच मुलांपैकीं कोणीतरी पडद्यावर दोन ठिपके ठेवून आपल्या जिल्ह्यांतील डोंगरांमधून रेषा ओढील. ती रेषा खरी असली, तर सांवलींतल्या एखाद्या गांवाला जगाशीं बोलतां येईल. हिंगणघाटास चिरनिद्रा घेणाऱ्या त्या एकाक्ष वृद्धाचें ऋण फेडण्याचा ह्याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.